करवंटीला बांधलेली चावी

मॅनेजरने ऑफिसातल्या खिळ्यावरून चावी काढली, पण दिली नाही. वर धरली. चावीला नारळाची करवंटी बांधलेली होती, हरवू नये म्हणून. त्याने ती घंटीसारखी हलवली.

"काय गो काकी, परत? सकाळीच गेल्लंस मा?"

मागे शेडमध्ये सोळा-सतरा बायका काजू सोलत उभ्या होत्या. कोणी मान वर केली नाही. दोघी-तिघी हसल्या. त्यांचा मला राग नाही. मॅनेजर मस्करी करतो तेव्हा हसावं लागतं. मीही हसले असते.

"वायच घाई आसा," मी म्हटलं.

"साडेबाराक सगळी जातत, तेवा जा. फॅक्टरी आसा ही, तुजा माहेर नाय."

अकरा वाजून गेले होते. मी टेबलाकडे परत आले. सुरी हातात घेतली. काजूगराची लाल साल सुकली की तिची धूळ होते, ती नाकात जाते आणि शिंका येतात. सोलणीतल्या बायकांना दिवसभर शिंका येतात, त्यात नवल नाही. मी मांड्या आवळून उभी होते. अर्धा तास निभावलं. मग शिंक आली.

फरशी पांढरी होती. काही लपलं नाही.

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. मुलगी कॉलेजात. गावात चार माणसं सल्ला विचारायला माझ्याकडे येतात, अशी बाई मी. आणि मी माझ्याच मुतात उभी होते.

मॅनेजर ओरडला नाही. त्याने कोपऱ्यातलं गोणपाट उचललं आणि माझ्या पायाशी टाकलं.

"पूस. आणि हात धुव आधी, माल खराब होतलो."

मी गुडघ्यावर बसून पुसलं. हात धुतले. साडेपाचपर्यंत काम केलं. साडी अंगावरच सुकली, कारण गर सुकवायची भट्टी पलीकडच्याच भिंतीला आहे आणि तिची झळ आमच्या बाजूला येते. त्या दिवशी एकाही गराचा तुकडा पडला नाही माझ्याकडून. हे मी नंतर बऱ्याच वेळा आठवलं. मला त्याचा अभिमान वाटत होता.

मी रडले नाही. भांडलेही नाही. मी घरी जाऊन उपाय शोधला, आणि तो उपाय चावी मागण्यापेक्षा वाईट निघाला. हे लिहिते आहे ते त्या उपायासाठी.

आमची फॅक्टरी मसुऱ्याच्या बाजूला आहे. आधी ती पत्र्याची शेड होती. आम्ही खाली पाटावर बसून सोलायचो. मागे काजूची बाग होती, लागली की बाई उठायची, झाडाआड जायची, परत यायची. कोणाला विचारायचं नसायचं. गैरसोय होती, पावसात जळवा होत्या, पण पाय आपले होते.

मग शेटनी नवी इमारत बांधली. माल परदेशात जायचा तर तपासणीला माणसं येतात, त्यांना बसून काम चालत नाही म्हणाले. स्टीलची टेबलं आली. ती कुठल्या उंच माणसांच्या मापाने केली होती देव जाणे. माझी उंची पाच फुटाला दोन इंच कमी. टेबल माझ्या छातीशी येतं. मी घरून मासळीचा जुना क्रेट आणला, उलटा घातला आणि त्याच्यावर उभी राहून काम केलं. पाच-सहा जणींनी तसंच केलं. सुरुवातीला स्टुलं होती. महिन्याभरात ती गेली. बसलं की गप्पा होतात म्हणे. आठ तास क्रेटवर उभं राहून माझ्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा आल्या. मानेतून खांद्यात एक तार ओढल्यासारखी कळ असते, ती आता रविवारीही जात नाही.

बागेच्या बाजूला भिंत बांधली. भिंतीवर कॅमेरे. आणि अंगणाच्या पार टोकाला, बॉयलरच्या पलीकडे, बायकांसाठी एक संडास. एकच. आत निळ्या फरशा, आरसा, बेसिन. तपासणीचे पाहुणे आले की त्यांना तो दाखवतात. तो स्वच्छ असतो, कारण त्याला कुलूप असतं. साडेदहाच्या चहाला आणि साडेबाराच्या जेवणाला कुलूप उघडतं. पंधरा मिनिटांत अठरा बायका. बाकी वेळी ऑफिसात जायचं, चावी मागायची, करवंटी हातात घेऊन गोण्या उचलणाऱ्या बाप्यांच्या समोरून अंगण पार करायचं. करवंटी पदराखाली लपत नाही. तेवढ्यासाठीच ती एवढी मोठी निवडली असावी.

तर माझा उपाय. मी पाणी सोडलं.

आमच्याकडे सकाळी पेज असते. उकड्या तांदळाची, वर चिमूट मीठ, बाजूला लोणच्याची फोड नाहीतर भाजलेला सुका बांगडा. पेज प्यायल्याशिवाय आमच्या घरात कोणी उंबरा ओलांडत नाही. सासू गेली त्या दिवशीसुद्धा आम्ही पेज प्यायलो होतो. मी ती बंद केली. सकाळी कोरडी भाकरी. चहा दोन घोट. फॅक्टरीत जेवताना अर्धा पेला पाणी, ते घास उतरावा म्हणून. आठ दिवस डोकं दुखलं. मग सवय झाली. मग तहानच लागेना. आंगणेवाडीच्या जत्रेला फॅक्टरीला सुट्टी होती, आम्ही उन्हात चार तास रांगेत उभ्या होतो, सगळी दुनिया सरबत पीत होती आणि माझं मन होत नव्हतं. मला वाटलं, मी जिंकले.

मी ते बाकीच्यांना शिकवलं. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी मी तिला तीन गोष्टी सांगायचे. सुरी अशी धर. बोटांना एरंडेल लाव. सकाळी पेज पिऊ नको. मॅनेजर मला म्हणाला, "काकी, तुज्या हाताखालच्यो बायका बऱ्यो. भटकनत नाय." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. तेही लिहून ठेवते.

मग सुलू आली. सुलू माझी धाकटी जाऊ. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. दीर मालवणात दुसऱ्याच्या बोटीवर जातो, पावसाळ्यात बोट वर ओढली की चार महिने घरी. त्यांची मुलगी दहावीला. मी शेटकडे शब्द टाकला आणि सुलूला लावून घेतली. मीच.

पहिल्या सकाळी ती चुलीपुढे पेजेचा वाडगा घेऊन बसली.

"वयनी, पेजेशिवाय माका जमाचा नाय. सकाळ झाली असा वाटनाच नाय."

"चार दिवस तरास होतलो. मगे सवय होता."

"भाकरीबरोबर वायच तरी पितंय."

मी तिच्या हातातला वाडगा घेतला, मागच्या दारी गेले आणि म्हशीच्या घमेल्यात ओतला. तिच्यासमोर. तिच्या भल्यासाठी. मला ती गोणपाटाने फरशी पुसताना बघायची नव्हती.

सुलूने भाकरी घेतली.

दोन वर्षं ती माझ्या शेजारी उभी होती. मध्ये मध्ये तिला उन्हाळी लागायची. आग, कळ, थेंब थेंब. आम्ही सगळ्याच त्याला उन्हाळी म्हणायचो. भट्टीची झळ आहे, उष्णता वाढली, असं. रविवारी धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकमाची सोलं भिजवून. रविवारी बरं वाटायचं, कारण रविवारी ती पाणी प्यायची. एवढं साधं होतं. अठरा बायकांत एकीच्याही डोक्यात ते आलं नाही, आणि मी तर त्यांच्यात शहाणी समजली जाते. सोमवारी पुन्हा कोरडी भाकरी.

गेल्या शिमग्यानंतर तिला कमरेत कळा यायला लागल्या. ती एका हाताने टेबल धरून सोलायची. मी म्हटलं, बाम लाव. एका दुपारी ती थंडीने कुडकुडायला लागली, भट्टीच्या भिंतीला पाठ लावून, एप्रिलमध्ये. "वयनी, माका कायतरी होता," म्हणाली आणि क्रेटवरून खाली आली. मॅनेजर आला. त्याने आधी सांडलेले गर गोळा करायला लावले, मग रिक्षा मागवली.

सरकारी दवाखान्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. सोनोग्राफी, सुया, नळी. खडा अडकला होता, मागे पू साठला होता. किती दिवसांपासून कोण जाणे. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर घेतलं. तरुण होती, माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल.

"दिवसाला पाणी किती पिता?" तिने सुलूला विचारलं.

सुलूने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "लागता तेवढा पितंय."

खोटं बोलली. माझ्यासाठी.

मी म्हटलं, "नाही. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत अर्धा पेला."

"का?"

"कामावर संडासाला कुलूप असतं."

तिचं पेन थांबलं. मग म्हणाली, "एक मूत्रपिंड गेलं आहे. काम करत नाही ते. दुसरं आहे, पण ते जपलं नाही तर ती मशीनवर येईल. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं. लागली की लगेच जायचं. थांबवायचं नाही, एकदाही नाही. समजलं?"

एकदाही नाही. मी परतीच्या बसमध्ये तेच धरून बसले. कुलूप शेटने लावलं होतं. पण पेज मी ओतली होती. हे दोन्ही खरं आहे, आणि दुसऱ्यामुळे पहिलं सुटत नाही.

सुलू घरी आली. अंगावरचं मांस गेलेलं. पंधरा दिवसांनी म्हणाली, "वयनी, माका कामार जावचा आसा." मला तिला नको म्हणता येईना. पावसाळा तोंडावर होता, बोट वर ओढली जाणार होती, आणि आमच्या चार गावांत बाईला बारा महिने मिळणारं काम त्या एकाच शेडमध्ये आहे. ती गेली तर तिचं उरलेलं एक जाणार. नाही गेली तर घर बसणार. मी रोज कामावर जाऊन क्रेटवर उभी राहायचे आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचे. मी त्या दिवसांत पाणी प्यायला लागले होते का? नाही. सवय होती. आणि भीती.

मग शेटनी आरोग्य शिबिर ठेवलं.

शेडमध्ये पडदा लावला. पहिल्यांदाच आम्हाला बसायला खुर्च्या मिळाल्या, मांडववाल्याकडून आणलेल्या. पुण्याहून एक बाई आली होती, चांगली होती, आवाज गोड. पडद्यावर लिहिलेलं: लहान सवयी, मोठं आरोग्य. एका माणसाचं चित्र दाखवलं, खुर्चीत बसलेला, समोर कॉम्प्युटर, कोपर असं, पाठ अशी. टेबल आपल्या मापाचं हवं, म्हणाली. दर तासाला उठून दोन मिनिटं चाला. मान अशी फिरवा. आम्ही सगळ्यांनी मान फिरवली.

माझ्यामागे रूपा होती, सोलणीतली सगळ्यात नवी. ती कुजबुजली, "काकी, मान फिरवलंय तर थंय पण मॅनेजरच दिसता."

आणि सगळ्यात सोपी सवय, बाई म्हणाली, पाणी. नवा फिल्टर बसवला होता, त्याच्यावर रंगीत कागद चिकटवलेला. फोटो हवा होता. सगळ्यात जुनी कामगार कोण? मॅनेजरने माझ्याकडे बोट दाखवलं. मला पुढे बोलावलं, हातात स्टीलचा पेला दिला. शेट एका बाजूला, बाई एका बाजूला.

"ताई, हसत प्या हं."

पेला गार होता. बाहेरून ओला. मी त्या पाण्याकडे बघितलं आणि मला घमेलं दिसलं.

मी मालवणी बोलले नाही. ऑफिसात बोलतात तसं बोलले, म्हणजे त्या बाईंना एकही शब्द चुकू नये. "बाई, तुम्ही सांगता ते खरं आहे. पण आमच्या संडासाला बाहेरून कुलूप आहे. चावी ती तिथे, ऑफिसच्या खिळ्यावर, करवंटीला बांधलेली. मागितली तर मिळत नाही. म्हणून आम्ही पाणी पीत नाही. माझ्या जावेचं एक मूत्रपिंड गेलं. तिची जागा ती, तिसऱ्या टेबलाला."

फोटो काढणाऱ्याने मोबाइल खाली घेतला.

शेट हसले. "चेष्टेखोर आहे आमची काकी."

मी बाईंकडे बघत होते. तिने करवंटीकडे बघितलं. तिला कळलं होतं, मी शपथेवर सांगते, तिला सगळं कळलं होतं. मग ती म्हणाली, "हे तुम्ही व्यवस्थापनाशी बोलून घ्या, हं ताई," आणि पुढचं चित्र लावलं. फळांचं होतं.

तेव्हा मी तो पेला प्यायले. मग फिल्टरशी जाऊन दुसरा. मग तिसरा. कोणी अडवलं नाही, पाणी पिण्याचाच कार्यक्रम होता. पाणी खाली उतरायला किती वेळ लागतो ते माझ्याइतकं नेमकं कोणाला ठाऊक नाही. माझ्याकडे पाऊण तास होता.

लागल्यावर मी शेडमधून बाहेर पडले. अंगण पार केलं. हातात करवंटी नव्हती, एप्रनच्या खिशात सोलायची सुरी होती. संडासाच्या दाराला कोयंडा होता, चार स्क्रूंचा. तीन सुटले. चौथा गंजलेला होता, त्याला सुरीचं टोक मोडलं. मग मी कोयंडा धरून ओढला आणि लाकडाच्या ढलप्यासकट तो निघाला. कुलूप त्याला तसंच लटकलेलं, बंद; तो मी एप्रनच्या खिशात टाकला.

मी आत गेले. आतून कडी लावली. दाराला आतली कडी पुरते.

बाहेर आले तेव्हा रूपा उभी होती. तिच्यामागे आणखी तिघी. गोण्या उचलणारे बाप्ये काम थांबवून बघत होते. रूपा आत गेली. बाकीच्या बायका खुर्च्यांवर बसून राहिल्या, खाली बघत. मी ओळखते त्या बघण्याला. मीच शिकवलंय.

संध्याकाळी शेटनी ऑफिसात बोलावलं. चिडले नाहीत. "काकी, तुमचं वय झालं. आता घरी आराम करा. जावेलाही करू द्या."

मॅनेजर दारात म्हणाला, "कोयंडो खंय आसा? परत दी."

"होयो तर घराकडे येवन मागून घी," मी म्हटलं. "देतंय काय नाय ता बघूया."

घरी सांगितलं. सुलू खाटेवर उठून बसली.

"तुका कोणी सांगलेला भांडाक? माजा काम गेला ना, वयनी."

"ता काम तुका मारतला."

"आणि घरात बसान काय होतला ता सांग."

दोन दिवस तिच्या मुलीने पाणी दिलं की ती भिंतीकडे तोंड करून प्यायची.

दुसऱ्याच दिवशी दाराला नवा कोयंडा बसला. रूपाने सांगितलं. या वेळी स्क्रू नाहीत, आरपार बोल्ट. आणि करवंटी तीच. विचारल्याशिवाय जो जाईल त्याने घरी जावं, असा नियम ऐकवला. त्या चौघींना एक दिवस गेटबाहेर उभं केलं.

म्हणजे कोयंडा काढून काही होत नाही. बोलूनही होत नाही. हे मला आता कळलंय आणि बरं झालं कळलं.

फॅक्टरीच्या गेटाअलीकडे ओढ्यावरची मोरी आहे, छोटा पूल. बायका साडेसातला तिथे उतरतात, रिक्षातून, एसटीतून. पुढे दोनशे पावलं चालतात. तो रस्ता सरकारी आहे. मोरीचा कठडा बसायला रुंद आहे.

मोठं टोप मी काढलंय, बारशाला वापरतो ते. सासूच्या वेळचं. आज घासून उन्हात ठेवलं. उकडे तांदूळ भिजत घातलेत. लोणच्याची बरणी भरली. पहाटे पेज करणार, पातळ, भरपूर पाण्याची, आणि साडेसातला टोप घेऊन मोरीवर बसणार. उद्या, परवा, रोज. मला दुसरं काम नाही आता.

गेल्या वेळी मी कोणाला विचारलं नव्हतं. या वेळी विचारणार. वाडगा पुढे करताना प्रत्येकीला सांगणार की ही पोटभर प्यायलीस तर दहाच्या आत तुला जावं लागेल, आणि तुला जावं लागावं म्हणूनच मी देते आहे. नको असेल तर नको घेऊस. रूपा घेणार आहे. बाकीच्या घाबरतात. पहिल्या दिवशी एकटी रूपा प्यायली तरी मी टोप परत नेऊन पुन्हा आणेन.

आज संध्याकाळी सुलू उठून चुलीपाशी आली. भिजलेल्या तांदळांकडे बघितलं. "एवढे कोणाक?" म्हणाली. मी सांगितलं. मग तिने डब्यातून आणखी एक शेर काढला आणि टोपात घातला.

"माका पण घेवन चल," म्हणाली. "माजा तोंड बघूंदेत."

शेडमध्ये आता सोळा बायका आहेत. चावी एक, करवंटी एक. एकीला हसून परत पाठवता येतं. दहा वाजता सोळा जणी सुऱ्या खाली ठेवून एकदम ऑफिसच्या दारात आल्या तर तो मॅनेजर करवंटी कोणासमोर हलवतो, ते मला बघायचं आहे.